पडद्याच्या अलीकडची मिळकत

मी, वेंग च-यान, वय सत्तावीस, धंदा मंदिरांच्या छतांवर कपचीकाम करणे, राहणार मंदिरामागची बोळ, खिम-हो बंदर, दक्षिण तैवान, आज दुपारी फांग काकूंच्या चहाच्या दुकानात खिडकीजवळच्या टेबलावर बसून, पूर्ण शुद्धीत, जेवण झालेले असताना आणि कोणाच्याही धाकाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मला कोणताही आजार नाही. उद्या सकाळी मंदिराच्या आढ्यावर चढून मधला भाग्यदेव बसवायचा आहे, एवढेच कारण. मी लहानपणापासून छतांवर चढत आलो आहे आणि एकदाही पडलेलो नाही. पण न पडलेल्या माणसाने कागद करू नये असे कायद्यात कुठे म्हटलेले नाही. मी विचारून आलो आहे.

शाळा मी आठवीत सोडली. त्यामुळे या कागदातला प्रत्येक अवघड शब्द शब्दकोशात पाहून लिहिला आहे. शब्दकोशाची व्यवस्था कलम तीनमध्ये आहे.

नोंदणी कचेरीतल्या बाईंनी मला तीन गोष्टी समजावून सांगितल्या. सगळा मजकूर आपल्याच हातचा असेल तर साक्षीदार लागत नाहीत. काही खोडले तर कुठे आणि का खोडले ते लिहून खाली सही करावी लागते. आणि साक्षीदार घेतलेच, तर ज्याला या कागदातून काही मिळते तो, किंवा त्याचे आईबाप, आजीआजोबा, मुले यांपैकी कोणी साक्षीदार म्हणून चालत नाही. साक्षीदार लागत नसले तरी मी दोन घेणार आहे. ते नसले तर मला झोप लागणार नाही. आणि दोनच का, तर आमच्या गावात ड्रॅगनबाजूचा एक माणूस घेतला की वाघबाजूचा एक घ्यावाच लागतो. या बाजूंचा खुलासा कलम पाचमध्ये आहे.

कलम पहिले. राहते घर, मागच्या न्हाणीसह, माझ्या पश्चात माझ्या आईचे. पश्चिमेच्या भिंतीला ओल येते. ती दुरुस्त करताना शेजारी त्सेंग यांचा सल्ला घेऊ नये. त्सेंग यांनी न विचारता आमच्या त्याच भिंतीला खिळे ठोकले आणि त्यांवर ते माकुल मासळी वाळत घालतात. खिळे त्यांचे असले तरी भोके आमची आहेत. खिळे त्यांनी काढून न्यावेत. माकुल मात्र आईला आवडते, तेव्हा ते देत असतील तर घ्यावे.

बँकेत जे काही निघेल तेही आईचे.

कलम दुसरे. माझी स्कूटर फांग काकूंना. त्या वखारीपर्यंत चहाची किटली हातात घेऊन चालत जातात, हे मला बघवत नाही.

कलम तिसरे. शब्दकोश मंदिराच्या वाचनखोलीला. कोणी पान दुमडू नये.

कलम चौथे. हत्यारे. माझ्या तीन पकडी, चुन्याची भांडी, तारेची वेटोळी आणि पलंगाखालच्या पेट्यांमधल्या रंगीत वाट्या, हे सगळे मंदिराला. आमचे काम असे असते की तारेचा सांगाडा करायचा, त्यावर चुन्याचे अंग चढवायचे, मग वाट्या पकडीने कापून त्यांच्या कपच्या अंगावर एकेक बसवायच्या, की देवाला झगा होतो, माशाला खवले होतात. पेट्यांमध्ये पोपटी हिरव्या रंगाच्या ज्या वाट्या आहेत त्या आता कुठेही बनत नाहीत. कोणी त्यांत आमटी खाऊ नये.

तीन पकडींतली सर्वांत जुनी तिऊ उस्तादांची आहे. त्यांनी ती बुन-हो उस्तादांना दिली आणि बुन-हो उस्तादांनी मला. ती ड्रॅगनबाजूच्या पुढच्या शिष्याला द्यावी. शिष्य न मिळाल्यास देवळातल्या कपाटात ठेवावी.

बुन-हो उस्तादांना मी काहीही ठेवत नाही. हा राग नव्हे. ते माझे साक्षीदार आहेत. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "इतकी वर्षं शिकवलं, आणि माझ्या वाट्याला नुसती सही?" मी म्हणालो, "सहीच, उस्ताद." ते म्हणाले, "मग पेन तरी बरं दे."

कलम पाचवे. हे कलम लांब आहे. कागद कधी परगावच्या न्यायाधीशांपुढे गेला तर त्यांना आमच्या बाजू कळल्या पाहिजेत, म्हणून सगळे लिहितो.

आमच्या समुद्रमातेच्या मंदिराचे मोठे काम पन्नास वर्षांपूर्वी झाले. तेव्हा मंडळाने जुन्या रीतीप्रमाणे दोन उस्ताद बोलावले. देवळाच्या मधोमध छतापासून जमिनीपर्यंत कापडी पडदा लावला. देवीच्या डाव्या हाताची ड्रॅगनबाजू तिऊ उस्तादांची, उजव्या हाताची वाघबाजू खू उस्तादांची. उंची आणि रुंदी आधी ठरवून घ्यायची, बाकी कोणी कोणाचे पाहायचे नाही, आणि पडदा उतरला की गावाने सांगायचे कोण मोठा. गावाने अजून सांगितलेले नाही.

अडचण मधल्या भाग्यदेवाची होती. आढ्यावर तीन देव बसतात. उजवा-डावा वाटून घेता आले, पण मधला बरोबर रेघेवर आला. मग तोही अर्धा-अर्धा करायचे ठरले. खांदा किती उंच, कमरपट्टा कुठे, टोपी केवढी, सगळे दोऱ्याने मोजून घेतले. तोंडाबद्दल बोलायचे राहून गेले. पडदा उतरला तेव्हा देव ड्रॅगनबाजूला हसत होता आणि वाघबाजूला रागावलेला होता. तिऊ उस्तादांचे देव नेहमीच हसरे असत, खू उस्तादांचे कधीच नसत. तेव्हापासून चौकात लोक आपापल्या बाजूच्या बाकावर बसतात, आपल्याला दिसतो तो गाल खरा म्हणतात, आणि सर्व काळातला सर्वांत मोठा कलावंत कोण यावर भांडतात.

सर्व काळातला, हे मी नीट विचार करून लिहिले आहे. आमच्याकडे भांडण त्याहून लहान होत नाही. एकदा राजधानीहून एक प्राध्यापक आले होते. त्यांनी दुकानाच्या भिंतीवर चित्रे दाखवली आणि सांगितले की इटलीत एक जण होता, त्याने वर्षानुवर्षे मान वर करून प्रार्थनाघराचे छत रंगवले. सर्वांत मोठा कलावंत म्हणून जगात त्याचे नाव घेतात. वाघबाजूच्या बाकावरून लाय आजोबांनी विचारले, "छताच्या आतल्या अंगानं?" प्राध्यापक हो म्हणाले. "म्हणजे पाऊस नव्हता." ड्रॅगनबाजूवरून बुन-हो उस्तादांनी विचारले, "आणि पलीकडं दुसरा कोण होता?" कोणी नव्हता, तो एकटाच होता, असे कळल्यावर ते म्हणाले, "मग तो जिंकला कुणाशी?" त्या दोघांचे कशावर एकमत झाले असेल तर ते त्या दिवशी. प्राध्यापक दोन दिवस जास्त राहिले आणि वाघबाजूचे होऊन गेले. बुन-हो उस्ताद अजून म्हणतात की लाय आजोबांनी त्यांना शिंपल्यांचे आमलेट खाऊ घालून फितवले.

देवीलाही विचारून झाले आहे. दरवर्षी तिच्या वाढदिवशी कौलाचे दोन चंद्रकोरी लाकडी तुकडे टाकून विचारतात. एक पालथा आणि एक उताणा पडला तर होकार, दोन्ही पालथे पडले तर नकार, दोन्ही उताणे पडले तर देवी हसली. या प्रश्नाला ती हसतेच.

लाय आजोबा हे खू उस्तादांचे शिष्य आणि बुन-हो उस्ताद तिऊ उस्तादांचे. पडदा पहिल्यांदा लागला तेव्हा दोघेही पोरसवदा होते आणि आपापल्या बाजूला चुना कालवत होते. दोघांचे हात आता थरथरतात. म्हणून गेल्या वर्षीच्या वादळात मधला देव खाली येऊन फुटला, तेव्हा नवा करायचे काम ड्रॅगनबाजूने माझ्यावर आणि वाघबाजूने लाय आजोबांची नात पेई-यून हिच्यावर सोपवले. पुन्हा पडदा लागला. दोन्ही म्हातारे दोन्ही बाजूंना स्टूल टाकून राखणीला बसले. कामाबद्दल बोलायचे नाही, हवापाण्याबद्दल आणि खाण्याबद्दल बोललेले चालेल, असे ठरले.

त्यामुळे मला पेई-यूनच्या खाण्याबद्दल सगळे माहीत आहे.

एकदा तिने पडद्यामागून विचारले, "आ-यान, आज काय खाल्लंस?"

"माशाची पेज."

"रोज तीच?"

"आवडते."

"तरीच. तुझी बाजू पांढरीफटक होणार."

बुन-हो उस्ताद खाकरले. "कामाबद्दल बोलणं चाललंय."

"पेजेबद्दल चाललंय," पलीकडून लाय आजोबा म्हणाले. "तुमच्यात पेजेलाच काम म्हणत असतील."

तिची पकड मला ऐकू यायची. भराभर चालायची आणि मध्येच थांबायची. थांबली की मला कळायचे, ती रंग निवडते आहे. मीही थांबायचो. मग मला वाटू लागायचे की ती माझ्यापेक्षा चांगला रंग निवडते आहे, आणि मी बसवलेली कपची काढून दुसरी लावायचो. माझ्या आजवरच्या कामात यापेक्षा चांगले काम झालेले नाही.

मला लाय पेई-यूनशी लग्न करायचे आहे. हे मी तिला विचारलेले नाही. लाय आजोबांनी चौकात सर्वांसमक्ष सांगून ठेवले आहे की खू उस्तादांना सर्वांत मोठा कलावंत न मानणाऱ्याच्या घरात त्यांची नात जाणार नाही. बुन-हो उस्तादांनी त्याच दिवशी सांगितले की तिऊ उस्तादांना न मानणारी त्यांच्या शिष्याच्या घरात येणार नाही. मी मोठ्याने कधीच काही मत दिलेले नाही. पेई-यूनला या कागदात मी काही ठेवलेले नाही, कारण वाघबाजूचे साक्षीदार लाय आजोबा आहेत, आणि नातीला काही दिले तर आजोबांची सही बाद होते. ही अडचण कायद्याची आहे. माझी इच्छा वेगळी होती, हे नोंदवून ठेवतो.

आता आज सकाळचे. पडदा उतरला. आम्ही दोन अर्धे तारेने जोडले आणि मागे सरून पाहिले.

अर्धा देव हसतो आणि अर्धा रागावतो हे मला लहानपणापासून खटकत आले आहे. मी मनाशी म्हटले होते, पेई-यून तिच्या घराण्याचे तोंड सोडणार नाही, तेव्हा आपणच आपला गाल खू उस्तादांसारखा करू, निदान देवाचे तोंड तरी एक होईल. म्हणून मी ड्रॅगनबाजूला रागीट गाल केला. तिनेही तिकडे अगदी हाच विचार केला होता. तिने वाघबाजूला हसरा गाल केला.

सगळा चौक जवळ सरकून पाहू लागला. मग फांग काकूंना हसू फुटले आणि त्यांच्या हातातली किटली सांडली.

बुन-हो उस्ताद मला म्हणाले, "हे तोंड कुणाचं?" मी म्हणालो, खू उस्तादांचं. "आणि तू कुणाचा शिष्य?" लाय आजोबा नातीला म्हणाले की आपल्या घराण्यात देव हसत नाहीत. ती म्हणाली, "तिकडचे हसतात ना. मला वाटलं, जुळेल." त्यावर चौकात नवे भांडण सुरू झाले, की आता कोण जिंकले. काही जण हसरा गाल बघायला उठून पलीकडच्या बाकावर गेले; ते आजवर कोणी केले नव्हते. देव असाच बसवायचा का, हे शेवटी देवीला विचारले. ती दोनदा हसली आणि मग हो म्हणाली.

सर्व काळातला सर्वांत मोठा कलावंत कोण, याबद्दलचे माझे मत लिहायला इथे दोन ओळींची जागा सोडतो.

 

 

कलम सहावे. उद्या मी पडलोच, तर कोणत्या बाजूला पडलो यावरून कोणी वाद घालू नये. माझी राख मधोमध ठेवावी.

वरील सर्व मजकूर माझ्याच हातचा आहे. खालील दोन साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले. मजकूर त्यांनी वाचलेला नाही. वर वर्तमानपत्र झाकले होते.

सही: वेंग च-यान
साक्षीदार एक: खो बुन-हो, ड्रॅगनबाजू
साक्षीदार दोन: लाय थिएन-फू, वाघबाजू (हे नाव खोडले आहे, पुरवणी पाहावी)

पुरवणी. वरचे साक्षीदार दोनचे नाव खोडले गेल्यामुळे कारण लिहिणे भाग आहे. घडले तसे लिहितो.

सह्या झाल्यावर मी पेन धुवायला मोरीकडे गेलो. तेवढ्यात पेई-यून आजोबांना जेवायला बोलवायला आली आणि तिने वर्तमानपत्र उचलले. मी धावत आलो तोवर ती पाचव्या कलमात पोचली होती. तिने ते उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचले. मी तिथे ओले पेन घेऊन उभा होतो.

ती म्हणाली, "मला काहीच ठेवलं नाहीस."

मी म्हणालो, "तुला ठेवलं तर तुझ्या आकोंगची सही बाद होते." आजोबांना ती आकोंग म्हणते.

"होऊ दे बाद."

लाय आजोबांनी चहाचा पेला खाली ठेवला. "का बाद? चांगली वळणदार आलीये."

"आकोंग, या कागदात मला घ्यायचंय."

"काय घ्यायचंय?"

"तिऊ उस्तादांची पकड." मग ती जरा थांबली, रंग निवडताना थांबते तशी. "आणि पकडवाला."

फांग काकूंनी दुकानाचे दार लोटून घेतले, पण खिडकीतून निम्मे गाव आत बघत होते.

बुन-हो उस्ताद उठून उभे राहिले. ती पकड वाघबाजूच्या हातात जाणार नाही, असे ते म्हणाले. पेई-यूनने त्यांच्याशी वाद घातला नाही. खिडकीतून चौकात उभा असलेला देव दाखवून तिने एवढेच विचारले, "उस्ताद, माझ्या बाजूचं ते हसू कुणाचं आहे?"

ते खिडकीशी जाऊन वाकले. "गाल जरा वर हवा होता," ते म्हणाले. "पण त्यांचंच आहे." आणि खाली बसले.

लाय आजोबा माझ्याकडे वळले. "तू खू उस्तादांचं तोंड केलंस, ते मी पाहिलं. नाक चुकलंय. ते असू दे. आता तोंडानं सांग. सर्वांत मोठा कलावंत कोण?"

मी खोटे बोललो असतो तर पेई-यूनला कळले असते, आणि खरे मला ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "आकोंग, पडद्यापलीकडं हिची पकड चालायची, म्हणून माझं काम चांगलं झालं. तिऊ उस्तादांनाही पलीकडून खू उस्तादांची पकड ऐकू येतच असणार."

त्यांनी यावर विचार केला. "म्हणजे तुझ्या उस्तादांच्या उस्तादाला मोठं केलं ते आमच्या उस्तादानं."

"हो."

"आणि उलट?" बुन-हो उस्तादांनी लगेच विचारले.

"उलटही," मी म्हणालो.

"उलटचं राहू दे," लाय आजोबा म्हणाले. "मला पहिलं वाक्य पुरे आहे. पेन आण."

मी त्यांना सांगितले की नाव स्वतःच्याच हाताने खोडावे लागेल. त्यांनी खोडले. हात थरथरत असूनही रेघ सरळ आली आहे.

त्यावरून पुढील बदल करतो. कलम चारमधील "ती ड्रॅगनबाजूच्या" ते "कपाटात ठेवावी" हा मजकूर रद्द समजावा. तिन्ही पकडी आणि हिरव्या वाट्या लाय पेई-यून हिला. कलम पाचमधील "ही अडचण कायद्याची आहे" हे वाक्य आता लागू नाही. सोडलेल्या दोन ओळी कोऱ्याच राहतील. बुन-हो उस्ताद आणि लाय आजोबा त्यांत काय लिहावे हे आत्ता मला दोन्हीकडून सांगत आहेत.

वाघबाजूला साक्षीदार हवा होता. फांग काकूंचे यजमान वाघबाजूचे होते, पण काकूंना स्कूटर ठेवली असल्यामुळे त्या साक्षीदार म्हणून चालत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "नको मला स्कूटर. नाहीतरी ब्रेक लागत नाही तिचा. सही करते." सबब कलम दोन रद्द. स्कूटर आईला. ब्रेक मी उद्या उतरल्यावर दुरुस्त करीन.

साक्षीदारांत ड्रॅगनबाजूचे नाव वर आले याचा अर्थ ती बाजू जिंकली असा घेऊ नये, ही नोंद लाय आजोबांच्या आग्रहावरून. वाघबाजूचे खाली आले याचा अर्थ ती हरली असाही घेऊ नये, ही बुन-हो उस्तादांनी आपणहून सांगितली.

मी उद्या सुखरूप उतरलो तरी हा कागद फाडू नये. लाभार्थीला तो हवा आहे. घरात कुठे लावायचा ते तिने ठरवले आहे. पश्चिमेच्या भिंतीवर, त्सेंग यांच्या खिळ्यांच्या भोकांवर. तेव्हा भोके बुजवू नयेत.

ठिकाण: फांग काकूंचे दुकान, मंदिरचौक, खिम-हो बंदर
दिनांक: प्रजासत्ताक वर्ष सत्त्याऐंशी (इ. स. १९९८), चांद्र तिसरा महिना, समुद्रमातेच्या वाढदिवसाआधीचा तिसरा दिवस, दुपार

सही: वेंग च-यान
साक्षीदार एक: खो बुन-हो, ड्रॅगनबाजू
साक्षीदार दोन: फांग स्यू-लान, यजमानांकडून वाघबाजू
खोडलेले नाव: लाय थिएन-फू, वाघबाजू, लाभार्थीचे आजोबा